आधी झोप तपासू, मग दात बसवू

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले होते, की ज्यांचा रात्री झोपेत श्वास अडतो त्यांनी इम्प्लांट बसवून घेण्याआधी दातांच्या डॉक्टरांना तसं सांगावं. का सांगावं, ते लिहायला जागा उरली नव्हती. त्या एका वाक्यावर अठरा पत्रं आली. त्यांतली सात इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, कारण घोरण्याच्या तक्रारीखाली आपलं नाव छापून यावं असं कुणालाच वाटत नाही. शिवाय तक्रार करणारी व्यक्ती बहुतेक वेळा शेजारी झोपणारी असते.

प्रश्न : माझं वय 63. वरचे सगळे दात गेले, खाली पुढचे सहा उरले आहेत. वर कवळी वापरतो. चार-पाच वर्षांपासून खूप घोरतो. बायको म्हणते, मध्येच श्वास थांबतो. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो. इम्प्लांटवर पक्के दात बसवले की घोरणंही जाईल, असं एका परिचितांनी सांगितलं. खरं आहे का?

नाही. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. जाडी साधारण 4 मिलिमीटर, लांबी 10 ते 12. वर त्याच्यावर दात चढतो. तो दात चावायच्या कामाचा, श्वासाच्या कामाचा नाही.

तुमचा श्वास अडतो तो त्याच्या बराच मागे, जीभ आणि मऊ टाळू जिथे घशाला लागतात तिथे. झोपेत स्नायू सैल पडतात. खालचा जबडा थोडा मागे घसरतो आणि त्याला बांधलेली जीभही त्याच्याबरोबर मागे जाते. वाट अरुंद झाली की आत जाणाऱ्या हवेने मऊ टाळू फडफडतो, ते घोरणं. वाट पुरती मिटली की आवाजही बंद. घरच्यांना वाटतं, बरं झालं, थांबले एकदाचे. श्वास नेमका त्याच वेळी बंद असतो. मग मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, एक मोठा हुंकार येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. झोपणाऱ्याला सकाळी यातलं काही आठवत नाही.

श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला तर तो एक झटका धरतात. श्वास पूर्ण न थांबता उथळ पडला आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला, तर तोही मोजतात. दोन्ही मिळून तासाला सरासरी किती, तो आकडा म्हणजे एएचआय. 5 च्या आत असेल तर काळजी नाही. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. हा आकडा स्लीप स्टडीतूनच, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीतूनच कळतो. मी तोंडात बघून सांगू शकत नाही आणि कुठलाही दंतवैद्य सांगू शकत नाही. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, झिजलेले दात, घशाची निमुळती कमान हे मला दिसतं आणि त्यावरून शंका घेता येते. निदान मात्र झोपेच्या डॉक्टरांचं.

तुमच्या बाबतीत तर तोंडात बघायचीही गरज नाही. बायकोने पाहिलेला श्वासाचा खंड आणि दिवसाची डुलकी, एवढ्यावरच मी चिठ्ठी लिहून तुम्हाला तिकडे पाठवीन. रक्तदाब असेल तर आजच.

आता दातांचा संबंध कुठे येतो ते सांगते. संबंध आहे, पण तुमच्या परिचितांना वाटतो तसा नाही. दातांवर बसवलेलं एक उपकरण खालचा जबडा रात्रभर पुढे धरून ठेवतं आणि घशाची वाट उघडी राहते. स्लीप अ‍ॅप्नियावरचा म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या या आजारावरचा हा एक मान्य उपचार आहे. पण त्याला धरायला काहीतरी लागतं. वर आणि खाली प्रत्येकी सहा-आठ तरी घट्ट दात असावेत अशी आमची साधारण अपेक्षा असते. तुमच्याकडे खाली सहा आहेत आणि वर एकही नाही. म्हणजे खालचे सहा ही तुमची ठेव आहे. ‘सगळे काढून एकदमच नवीन बसवू’ असं कुणी म्हणालं तर लगेच मान हलवू नका.

तेव्हा आधी स्लीप स्टडी. तो रिपोर्ट दातांच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, पुढे-मागे मला जबड्याचं उपकरण लागलं तर हे इम्प्लांट ते पेलतील का? संख्या किती, जागा कुठली, वरचे दात पक्के की काढता येणारे, ही सगळी उत्तरं त्या प्रश्नाने बदलू शकतात. रिपोर्ट आकड्याने मोठा आला आणि सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लागलं, तरी दातांचा प्रश्न उरतोच. दात नसले की ओठ-गाल आत जातात आणि मास्क चेहऱ्यावर नीट बसत नाही, कडेने हवा सुटते.

उशीर झाला तर हाड झिजेल ही भीती घालतात. दात काढल्यावर पहिल्या वर्षात हाडाची रुंदी पुष्कळ कमी होते, हे खरं आहे. पण तुमचे वरचे दात जाऊन किती वर्षं झाली? तिथली झीज केव्हाच होऊन गेली. एका महिन्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : यजमानांना स्लीप अ‍ॅप्निया आहे, एएचआय 22. सीपॅप मशीन दिलंय, पण मास्क लावून दोन तासांत काढून फेकतात. दात सगळे शाबूत आहेत. जबडा पुढे धरणारं उपकरण म्हणजे नक्की काय आणि त्याने भागेल का?

यजमानांना म्हणावं, दिवसा, जागेपणी, पाठीवर झोपा आणि मुद्दाम घोरून दाखवा. जमेल. आता खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील इतका जबडा पुढे काढा आणि तसाच धरून पुन्हा घोरा. बहुतेकांना जमत नाही, जमलं तरी आवाज पडतो. ही तपासणी नव्हे, नुसती गंमत आहे, पण उपकरण काय करतं ते दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा लवकर कळतं.

वरच्या दातांवर एक ट्रे, खालच्या दातांवर एक, आणि दोन्हींना जोडणारा दुवा. दुव्याला बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की खालचा ट्रे मिलिमीटरच्या अंशाने पुढे सरकतो.

सीपॅपला मी कमी लेखत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकातून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत 1981 मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही आकडा उतरवण्यात तिच्या तोडीचं काही नाही. पण मशीन रात्री चालवावं लागतं. दोन तासांत मास्क निघत असेल तर पुढचे पाच तास घसा उघडाच कुठे राहतो? उपकरण आकडा थोडा कमी उतरवतं, पण लोक ते रात्रभर तोंडात ठेवतात. सौम्य आणि मध्यम त्रासात दोन्हींचा एकूण फायदा जवळजवळ येतो तो त्यामुळे. अमेरिकेतल्या झोपेच्या आणि दंतवैद्यांच्या संस्थांनी मिळून 2015 मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं काढली त्यांतही हेच आहे : ज्यांना सीपॅप सोसत नाही किंवा नको आहे, त्यांना उपकरण द्यावं, ते माप घेऊन बनवलेलं आणि पुढे-मागे करता येणारं असावं. 22 हा आकडा त्यात बसतो. मात्र आधी मास्क बदलून पाहिला का? नाकाचा, नाकपुड्यांचा, पूर्ण चेहऱ्याचा, असे प्रकार असतात. कितीतरी जणांचं भांडण मशीनशी नसतं, पहिल्या मास्कशी असतं.

उपकरणाची चांगली-वाईट बाजू मी घरातच पाहिली आहे. आमच्या ह्यांचा श्वास थांबायचा. मी अंधारात घड्याळाचा चमकणारा सेकंदकाटा बघत मोजायची. एकदा 34 पर्यंत मोजलं आणि हलवून उठवलं. ते म्हणाले, ‘मी जागाच होतो.’ आकडा आला 19. मशीन नको म्हणाले, मग मीच माप घेतलं. जबडा पूर्ण मागे नेऊन तिथून पूर्ण पुढे किती येतो ते एका पट्टीवर मोजतात. ह्यांचा 11 मिलिमीटर आला. सुरुवात निम्म्याने करायची, म्हणून साडेपाचवर बांधलं. मग दर तीन-चार दिवसांनी स्क्रूला एक फेर. साडेसातला पोचलो तेव्हा खोली शांत झाली. मला पहिल्या रात्री झोपच लागली नाही. सवयीने मोजत बसले होते आणि मोजायला काही नव्हतं.

आता दुसरी बाजू. पहिला आठवडा उशी लाळेने भिजली. कानापुढे जबड्याच्या सांध्यात सकाळी दुखायचं, ते महिन्याभरात गेलं. अजूनही उठल्यावर वीसेक मिनिटं मागच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत. त्यासाठी सकाळी चावून धरायची एक छोटी पट्टी देतात, ती ते कंटाळा करत वापरतात. आणि सहा वर्षांत दात हलले. वरचे पुढचे थोडे मागे कलले, खालचे थोडे पुढे, मिळून सव्वा मिलिमीटर. दंतवैद्याच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत चावा बदलला. आम्ही दोघांनी बसून ठरवलं की श्वासापुढे सव्वा मिलिमीटर चालेल. तुमच्या यजमानांनाही हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. सहा वर्षांनी त्यांना ते आरशात कळू नये.

हिरड्यांचा आजार असेल, दात हलत असतील तर आधी ते बरं करून घ्या. गरम पाण्यात मऊ करून स्वतःच चावून बसवायचे तयार ट्रे मिळतात, त्यांच्या नादी कायमचं लागू नका. आणि शेवटची पायरी लोक विसरतात : आवाज थांबला म्हणजे आजार थांबला असं नाही. घोरणं जातं आणि श्वासाचे खंड राहतात, असं होऊ शकतं. उपकरण तोंडात ठेवून पुन्हा एकदा स्लीप स्टडी करा. ह्यांचा दुसरा आकडा 6 आला. तो येईपर्यंत मी मोजणं सोडलं नव्हतं.

प्रश्न : खाली दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणाची कवळी आहे, वरही पूर्ण कवळी. मशीन सोसत नाही. माझ्यासाठी जबड्याचं उपकरण बनेल का?

बनू शकतं, पण बनेलच असं म्हणत नाही.

आधी तुमच्या दोन बटणांविषयी. खालची पूर्ण कवळी जिभेच्या प्रत्येक हालचालीने उडते. म्हणून मॅकगिल विद्यापीठात 2002 साली जमलेल्या तज्ज्ञांनी असं मत दिलं, की खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा. तुमचं काम त्या पठडीतलं आहे आणि चांगलं आहे. फक्त ते चावण्यासाठी आहे. चावताना दाब खाली येतो आणि क्षणभर येतो. उपकरणाचा ताण आडवा असतो आणि रात्रभर असतो, कारण पुढे ओढलेला जबडा सतत मागे जायला बघतो. दोन बटणांवर कवळी त्या ताणाने बिजागरीसारखी वर-खाली होते, बटणांतल्या नायलॉनच्या चकत्या लवकर झिजतात. आणि वरची कवळी तर नुसती टाळूला चिकटून आहे. जबडा पुढे ओढणारं उपकरण आधी तिलाच खाली पाडेल.

खाली आणखी दोन आणि वर चार इम्प्लांट असतील तर चित्र वेगळं. अशा आधारावर उपकरणं केलेली आहेत आणि चाललीही आहेत, पण तो प्रत्येकाचा वेगळा हिशोब असतो. हाड किती, सायनस (वरच्या दाढांच्या वर असलेली हाडातली पोकळी) कुठे, हे सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये बघूनच ठरतं. नवीन इम्प्लांटवर लगेच हा भार टाकायचा नाही. हाड त्याला घट्ट धरेपर्यंत तीन ते सहा महिने जाऊ द्यायचे. एकदा धरलं की बहुधा धरलंच. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 साली योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. ते त्यांना चाळीस वर्षं पुरले, 2006 मध्ये ते वारले तोपर्यंत.

इम्प्लांट न वाढवता करून बघण्याजोगी एक गोष्ट आहे. जीभ धरून ठेवणारं उपकरण. मऊ फुगा ओठांपुढे राहतो, त्यात जीभ घालून हवा काढली की ती तिथे चिकटून पुढे राहते. दात लागत नाहीत. दिसतं भयंकर, आणि सगळ्यांना सोसत नाही. विचारून बघा.

ज्यांच्या तोंडात काही दात आपले आणि काही इम्प्लांटवरचे आहेत, त्यांनीही हे वाचून ठेवावं. आपला दात हाडात एका पातळ पडद्याने टांगलेला असतो, म्हणून तो हळूहळू सरकतो. इम्प्लांट सरकत नाही. वर्षानुवर्षं उपकरण वापरलं की शेजारचे सरकतात आणि हा तिथेच राहतो, मग मध्ये फट पडू शकते. आणि कॅप बसवायच्या राहिल्या असतील तर त्या आधी पुऱ्या करा, मग उपकरणाचं माप द्या. उलट केलंत तर नवी कॅप बसल्या दिवशी उपकरण दातांवर चढणार नाही.

प्रश्न : खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट आहे. दोन वर्षांत कॅप दोनदा तुटली, एकदा आतला स्क्रू ढिला झाला. डॉक्टर म्हणतात, तुम्ही झोपेत दात खाता, नाइट गार्ड लावा. मला तर काहीच जाणवत नाही. काम कच्चं झालं असेल का?

कामाबद्दल मी न बघता बोलणार नाही. पण तुमचं पत्र वाचून मला माझा एक रुग्ण आठवला आणि थोडी लाज वाटली.

रात्रीची गाडी चालवणारा, अंगाने भरलेला, पंचेचाळिशीचा गृहस्थ. खालच्या उजव्या दाढेचा इम्प्लांट मीच बसवला. आठ महिन्यांत कॅप फुटली. मी प्रयोगशाळेला दोष दिला. दुसरी फुटली, तेव्हा मी चाव्याला दोष दिला आणि कॅप थोडी घासली. तिसऱ्या वेळी पोर्सेलिनचा तुकडा त्याने कागदात गुंडाळून आणला होता. करंगळीच्या नखाएवढा, कड धारदार. कागद उलगडताना त्याची बायको मागच्या बाकावरून म्हणाली, ‘डॉक्टर, हे रात्री आधी घोरतात, मग गप्प होतात, मग दात खातात.’ याच क्रमाने. दोन वर्षं तो माझ्या खुर्चीत येत होता आणि झोपेचा एक प्रश्न मी त्याला विचारला नव्हता. एएचआय 41 निघाला.

आपल्या दाताभोवतीचा पडदा जेमतेम 0.2 मिलिमीटरचा, पण त्यात संवेदनेचे तंतू असतात. जोर जास्त झाला की मेंदूला लगेच कळतं. इम्प्लांटला हा पडदा नसतो. म्हणून तुम्हाला जाणवत नाही, यात नवल नाही. जोर सगळा कॅपवर आणि स्क्रूवर जातो, त्यातलं जे कच्चं ते आधी तुटतं. तेही बरंच म्हणायचं. हाडातला इम्प्लांट तुटण्यापेक्षा कॅप तुटलेली परवडली.

झोपेत दात खाणं आणि श्वास अडणं एकाच माणसात पुष्कळदा सापडतं. एकामुळेच दुसरं होतं असं प्रत्येकाच्या बाबतीत म्हणता येत नाही. माझ्या त्या रुग्णाची चौथी कॅप मशीन सुरू झाल्यावर बसवली आणि ती टिकली. मशीनमुळे टिकली अशी शपथ मी घेणार नाही, कारण त्या वेळी मी कॅपची रुंदीही कमी केली होती आणि साहित्यही बदललं होतं.

नाइट गार्डबद्दल मात्र जरा थांबा. ज्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे त्यांच्यातल्या काहींमध्ये वरच्या दातांवरच्या साध्या सपाट गार्डने श्वासाचे झटके वाढलेले दिसले आहेत. तोंड उघडलं की जबडा खाली आणि मागे फिरतो, जीभही मागे जाते. तुम्ही घोरता का, सकाळी डोकं जड असतं का, कॉलरचं माप 40 सेंटिमीटरच्या वर आहे का? यांतलं काही ‘हो’ असेल तर गार्डच्या आधी स्लीप स्टडी. निष्पन्न झालं तर दात खाण्यापासून संरक्षण आणि जबडा पुढे धरणं, ही दोन्ही कामं एकच उपकरण करू शकतं.

प्रश्न : वरच्या दाढेसाठी सायनस लिफ्ट करून इम्प्लांट बसवणार आहेत. मी रोज सीपॅप वापरतो. गुंगीचं इंजेक्शन देऊन करू, म्हणतात. काही अडचण?

दोन अडचणी आहेत आणि दोन्ही सुटण्यासारख्या आहेत, फक्त ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सांगू नका.

सायनस लिफ्टमध्ये वरच्या जबड्याच्या हाडावरचं पातळ अस्तर हलक्या हाताने वर उचलून खाली हाडाची पूड भरतात. त्यानंतर काही दिवस नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, असं सांगतात, कारण नाकातला दाब त्या ताज्या जागेवर जातो. तुमचं मशीन रात्रभर नाकात दाबच देतं. मशीन किती दिवस बंद ठेवायचं, दाब कमी करायचा की मास्क बदलायचा, हे दातांच्या सर्जननी आणि झोपेच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं आहे. आपल्या मनाने मशीन बंद करू नका आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका.

गुंगीच्या औषधाने घशाचे स्नायू झोपेत पडतात त्याहून सैल पडू शकतात. एखाद-दुसऱ्या इम्प्लांटला नुसती जागा बधिर करून भागतं, माझा कल तिकडेच. गुंगी द्यायचीच असेल तर भूलतज्ज्ञ हजर हवेत आणि तुमचा एएचआय त्यांना माहीत हवा. अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांबद्दलही त्यांनाच विचारा.

प्रश्न : घोरण्यावर जिभेचा इम्प्लांट निघालाय असं वाचलं. आपले दंतवैद्य बसवतात का?

नाही. नाव एक, वस्तू वेगळी. छातीच्या कातडीखाली एक छोटं यंत्र असतं आणि त्याची तार जिभेच्या मज्जातंतूपर्यंत जाते. झोपेत यंत्र तंतूला हलका धक्का देतं आणि जीभ पुढे येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये याला मान्यता दिली. काम कान-नाक-घशाच्या सर्जनचं. मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या, मशीन न सोसणाऱ्या निवडक लोकांसाठी आहे, नुसत्या घोरण्यासाठी नाही.

प्रश्न : माझं वय 71. दोन्ही कवळ्या रात्री काढून पाण्यात ठेवते, तुम्हीच मागे तसं लिहिलं होतं. मुलगा म्हणतो, कवळी काढली की तू जास्त घोरतेस, घालून झोप. कुणाचं ऐकू?

मी तसं लिहिलं होतं आणि आजही लिहीन. रात्रंदिवस कवळी घातली की टाळूला हवा लागत नाही, लाळ पोचत नाही, तिथे बुरशी धरते, टाळू लाल होतो. हिरड्यांनाही विसावा हवा.

पण मुलाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कवळी काढली की दोन्ही जबडे एकमेकांच्या फार जवळ येतात, चेहऱ्याची खालची उंची कमी होते आणि जिभेला पुढे राहायला आधार उरत नाही. यावर अभ्यास झाले आहेत आणि गंमत म्हणजे ते एकमेकांशी पटत नाहीत. काहींत कवळी घालून झोपणाऱ्यांचे श्वासाचे झटके कमी झाले, काहींत काहीजणांचे वाढले. म्हणजे तुमच्या बाबतीत काय होतं ते तुमच्याच तोंडात बघावं लागेल.

घरी करायची स्लीप स्टडी मिळते. बोटाला एक चिमटा, नाकाशी एक नळी, छातीला पट्टा. एक रात्र कवळ्या घालून करा आणि एक रात्र काढून. घालून आकडा खूपच खाली आला तर रात्री घाला आणि दिवसा तीन-चार तास काढून ठेवा, टाळूची सुट्टी तेव्हा होईल. फरक नसेल किंवा उलट असेल तर पूर्वीसारखं पाण्यात ठेवा आणि उरलेल्या घोरण्याचं झोपेचे डॉक्टर बघतील. दोन्ही रिपोर्ट घेऊन तुमच्या दंतवैद्यांकडे जा. जाताना कवळ्याही न्या. तपासायला आलेले निम्मे लोक त्या घरी पाण्यातच विसरून येतात.